शून्याचा रविवार

४ फेब्रुवारी

ठके,

तुझा अहवाल काल मच्छीमार सोसायटीच्या सभेत वाचला. वाचला आमच्या सेक्रेटरीने. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याला हळू बोलणं देवाने शिकवलेलंच नाही. तळ्यातली पाणमांजरं तीनशेच्या वर गेली आहेत आणि वर्षात तिप्पट झाली आहेत, हे त्याने असं वाचलं की पाणमांजरांनाही पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल. मग तुझ्या नावाने टाळ्या झाल्या. मी अध्यक्ष असल्यामुळे मला वाजवता येईनात, पण टेबलाखाली पाय हलवत होते.

तीन वर्षं आम्ही ओरडतोय की मासे कमी झाले, पाणमांजरं जाळी फाडतात. तुझ्या वन्यजीव खात्याने आमचं कधी ऐकलं नाही. आता घरचीच पोरगी गणित घेऊन उभी राहिली आणि लगेच हुकूम निघाला: तीनातली दोन पाणमांजरं मारायची, सापळे सरकार देणार. तुझ्या बापाला सांग, बहिणीची भाची कामाला आली. त्याला वाटायचं, गणित शिकून ही काय करणार, भिंतीला रेघोट्या ओढणार.

आम्हीही काही कमी केलं नाही. दर रविवारी आमची माणसं होड्या घेऊन तळ्यातल्या सगळ्या खडकांवर जायची आणि पाणमांजरांची घाण मोजायची. तू त्याला विष्ठा म्हणतेस म्हणून ती काही सुगंधी होत नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, नाकाला पदर लावून ढीग मोजत होते. हे तुझ्या अहवालात कुठे आलं नाही, ते मी लक्षात ठेवलंय.

फोन कर म्हणतेस. नाही करणार. फोनवर तू मध्येच बोलतेस. पत्रात मला पूर्ण बोलू द्यावं लागतं.

आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

टाळ्या पोचल्या. बाबाला सांगितलं. तो म्हणाला, आत्याने पाय हलवले म्हणजे फार झालं, माझ्या लग्नात तिने तेही केलं नव्हतं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते मॉडेल कसं चालतं, म्हणजे सभेत कोणी विचारलं तर भोंगा काहीतरी ठोकून देणार नाही. मी पाणमांजरं पाहिलेली नाहीत. एक पाणमांजर आठवड्यात साधारण किती ठिकाणी विष्ठा टाकतं हे जुन्या अभ्यासांतून माहीत आहे. तुमच्या रविवारच्या मोजणीवरून मी उलटा हिशेब केला की पाणमांजरं किती असतील. मग ती किती मासे खातात, मासे किती वाढतात, पिल्लं किती जगतात, हे सगळं समीकरणांत घातलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं पळवलं. दोन-तृतीयांश पाणमांजरं काढली तर मासे सावरतात, असं त्यातून आलं. संचालकसाहेबांना हे फार आवडलं. त्यांना नेहमी एकच आकडा हवा असतो, आणि या वेळी मी तो दिला.

अंतिम प्रतीवर माझी सही व्हायची आहे, म्हणून एक किरकोळ शंका. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तुमच्या मोजणीत सगळीकडे शून्य आहे, आणि त्यानंतरचे तीन-चार आठवडे आकडे अगदीच कमी. मी धरून चालले की त्या दिवशी कोणी गेलंच नाही आणि पुढे माणसं कंटाळली. म्हणून ते आठवडे मी गाळले. असं करतात, यात काही लबाडी नाही. जो आकडा बाकीच्यांशी जुळत नाही तो खराब समजतात. फक्त खात्री करून सांग, त्या रविवारी सुट्टी घेतली होती ना?

ठकी

१८ फेब्रुवारी

ठके,

सुट्टी कसली घेतेय. त्या रविवारी मी स्वतः होडीत होते, भोंगा वल्हवत होता, आणि आम्ही दोघं नखशिखांत भिजलो होतो. आदल्या रात्री असं वादळ झालं की खडक धुऊन निघाले. आधीच्या रविवारपर्यंत एकेका खडकावर ढिगावर ढीग साचले होते, मोजायला अर्धी सकाळ लागायची. आणि त्या दिवशी बघतो तर दगड ताटासारखे चकचकीत. मोजायला काही उरलंच नव्हतं, म्हणून शून्य लिहिलं. नंतर हळूहळू पुन्हा साचायला लागलं. कंटाळली म्हणे माणसं. आमच्या माणसांवर असा आळ घेऊ नकोस, तुझ्या ऑफिसात बसतात त्यांच्यापेक्षा ती जास्त हलतात.

सापळे कधी येणार ते सांग. मागच्या आठवड्यात माझं एक जाळं मधोमध फाटलं. शिवायला बसले तर डोळे पाणावले, वय झालं म्हणून की रागाने, माहीत नाही.

आत्या

२४ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, कोणी गेलं का गं? मी म्हटलं, तीनशे पाणमांजरं गेली.

एक विचारते, खरं सांग. मोजून झालं की तुम्ही खडक पुसत होता का? खराट्याने, पाण्याने, कशानेही? की या रविवारी मोजलेला ढीग पुढच्या रविवारीही तिथेच असायचा आणि नव्या ढिगांबरोबर पुन्हा मोजला जायचा?

पुसत नसाल तर आपण पाणमांजरं मोजलीच नाहीत. आपण साचलेली घाण मोजली. ती दर आठवड्याला वाढणारच, तळ्यात एकच पाणमांजर असलं तरी वाढणार. माझ्या मॉडेलने त्या साचण्याला पाणमांजरांची पैदास समजलं. सबंध वर्षात एकच खरी सुरुवात होती, तुझा तो धुतलेला रविवार, कारण त्यानंतरच्या आठवड्यात जे दिसलं ते त्याच आठवड्याचं होतं. आणि नेमका तोच मी उचलून फेकला, जुळत नाही म्हणून. त्या आठवड्यावरून हिशेब केला तर तळ्यात चाळीसही पाणमांजरं नाहीत. त्यांतली दोनशे मारायचा हुकूम माझ्या नावाने निघालाय.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, हुकूम जाहीर झालाय, मच्छीमार खूश आहेत, मॉडेलमध्ये थोडंफार इकडेतिकडे असतंच. मी म्हटलं, साहेब, हे इकडेतिकडे नाही, हे होत्याचं नव्हतं आहे. सगळी मारली तरी दोनशे भरायची नाहीत. ते म्हणाले, मग सापळे रिकामे राहतील, त्यात तुमचं काय जातं? सही करा.

मी सही करणार नाही. पण मला तुझी मदत हवी. खडक एकदा स्वच्छ धुवा, एक आठवडा थांबा आणि मग मोजा. एवढंच. सोसायटीच्या अध्यक्षांनी ती मोजणी पाठवली तर साहेबांना ती पायदळी तुडवता येणार नाही.

ठकी

२ मार्च

ठके,

नाही पुसले खडक. कोण पुसणार? तू लिहून पाठवलेल्या सूचनांत होतं का कुठे? "प्रत्येक खडकावरचे ढीग मोजावेत." मोजले. "धुवावेत" असं लिहिलं असतंस तर धुतलेही असते. आता चूक कोणाची यावर मी भांडत नाही, फक्त सांगून ठेवते.

पण हे बरं आहे तुमचं. गणित आमच्या बाजूने बोललं तेव्हा शास्त्र, आणि आता फिरलं तर चूक. मी उद्या सभेत उभी राहून काय सांगू? की आपण वर्षभर एकच घाण पन्नासदा मोजली? भोंगा ते तीन गावांना ऐकवेल. तीस वर्षं या सोसायटीत पुरुषांच्या खुर्च्यांमध्ये बसून मी माझा शब्द टिकवलाय, तो घाणीवरून घालवू?

तुला ऑफिसात कोणी प्राणिमित्र भेटलाय का, मला सरळ सांग. पाणमांजर गोंडस दिसतं, ते मलाही दिसतं. खडकावर लोळत दोन्ही हातांत मासा धरून खातं तेव्हा नवरे आठवतात. पण जाळं फाडतं ते फाडतंच. मी मोजणी परत करणार नाही.

सापळे आलेत. ट्रकभर. आमच्या शेडमध्ये ठेवलेत, किल्ली माझ्याकडे आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभा, साहेब स्वतः येणार, सोमवारपासून सापळे लावायचे.

आत्या

७ मार्च

आत्या,

प्राणिमित्र भेटला नाही. भेटला असता तर तुझ्याआधी बाबाने वरात काढली असती.

तू मला विचारलं नाहीस, पण मी मॉडेल नव्या आकड्यांनी पुन्हा पळवलं. आधी चाळीस पाणमांजरं घालून. मासे घटत राहिले. मग रागाने सगळी पाणमांजरं काढून टाकली, शून्य, तळ्यात एकही नाही. आत्या, मासे तरीही घटत राहिले. जवळजवळ त्याच वेगाने. तुम्ही सगळी मारलीत तरी एकाही घरात जास्तीचा मासा शिजणार नाही. आणखी एक: पाणमांजरं गेली की ती ज्या आजारी आणि मंद माशांना आधी पकडतात ते तळ्यात तसेच राहतात, त्यामुळे थोडं वाईटच होतं.

मग मासे खातंय कोण? मॉडेल एवढंच सांगतं की मासे मोठे व्हायच्या आधीच जाताहेत. बोटाएवढी पिल्लं, बोटुकली म्हणता ना तुम्ही, ती वर्षभरातच नाहीशी होतात. पाणमांजर बोटुकलीच्या मागे धावत नाही, त्याला ते परवडत नाही.

म्हणून विचारते. तळ्यात हल्ली कोणती जाळी वापरता? भोक केवढं आहे?

साहेबांनी आज पुन्हा बोलावलं होतं. म्हणाले, तुमची बढतीची फाईल माझ्या टेबलावर आहे. मी म्हटलं, माझी दुरुस्तीही तुमच्या टेबलावर आहे, ती आधी वाचा.

ठकी

१० मार्च

ठके,

जाळ्यांच्या भानगडीत पडू नकोस.

बढती घे.

आत्या

१५ मार्च

आत्या,

बढती गेली, आणि नोकरीही गेल्यात जमा. मला "विश्रांतीसाठी" घरी पाठवलंय. कागदावर लिहिलंय की कामाच्या ताणाने माझा निर्णय डळमळीत झालाय. बाबा दिवसभर मला पाणी विचारतो. अहवालावर आता दुसऱ्या कोणाची तरी सही होईल.

म्हणून मी दुरुस्ती स्वतःच्या नावाने छापली आणि सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला पोस्टाने पाठवली. पत्ते तूच दिले होतेस, नववर्षाची शुभेच्छापत्रं पाठवायला. राग येईल तर येऊ दे. त्यात मी लिहिलंय की आकडा चुकला, तो कसा चुकला, तो शून्याचा रविवार मी गाळला, आणि पाणमांजरं मारून मासे येणार नाहीत. जाळ्यांबद्दल लिहिलेलं नाही, कारण मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तुझी दोन ओळींची पत्रं मला ओळखू येतात. आई गेली तेव्हाही अशीच आली होती.

मी घाबरलेली नाही, आत्या. चिडलेली आहे. ते मला वेडी ठरवून माझं चुकलेलं गणित वापरणार आणि बरोबर आलेलं कचऱ्यात टाकणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा. मी तो सोडणार नाही. वर्तमानपत्राकडे जाईन, कोर्टात जाईन, साहेबांच्या घरासमोर बसेन. तू सोबत असलीस तर बरं वाटेल. नसलीस तरी जाईन.

ठकी

२९ मार्च

ठके,

तुझी दुरुस्ती सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी पोचली. संध्याकाळी माझ्या दारात माणसं जमली, हातात तुझे कागद. मी म्हटलं, सभेत बोलू, आणि दार लावून घेतलं. मग बसले आणि तुझ्यावर भरपूर चिडले. ते झाल्यावर भोंग्याला बोलावलं. म्हटलं, खराटे घे, बादली घे, आणि या कामात तोंड उघडलंस तर पाण्यात ढकलीन.

दोन दिवस आम्ही खडक घासले. माझी कंबर अजून माझ्याशी बोलत नाही. आठवड्याने पुन्हा गेलो. सगळ्या तळ्यावर मिळून जे होतं ते भोंग्याने एका टोपलीत गोळा केलं, तरी टोपली भरली नाही. परत येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या बायकोने विचारलं, ह्यांना बरं नाही का.

काल सभा झाली. साहेब आले, छान कोट घालून. म्हणाले, मॉडेल पक्कं आहे, पोरगी हुशार पण थकलेली आहे. मी विचारलं, मोजणीआधी खडक पुसायचे असतात की नाही? ते म्हणाले, ती तांत्रिक बाब आहे. मी म्हटलं, तांत्रिक बाब मी गेल्या आठवड्यात खराट्याने घासून आले, माझे गुडघे दाखवू का? मग टोपलीभरसुद्धा नव्हतं ते सांगितलं. माझी भाची बरोबर आहे, मोजणी माझी चुकली होती, तिचं डोकं ठिकाणावर आहे, आणि पुन्हा कोणी तिला थकलेली म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे, हेही सांगितलं.

तेव्हा मागून एकजण म्हणाला, पाणमांजरं नाहीत तर मासे खाल्ले कोणी?

ठके, जो तो आपल्या पायांकडे बघायला लागला. तिथे बसलेल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी बारीक भोकांची जाळी आली तेव्हा सगळ्यांनी घेतली, मीही घेतली. उघड घेतली, कोणी लपवलं नाही. एका खेपेत होडी भरायची. बोटुकली आली तर तीही विकली जायची, सुकवून, वाळवून, कशीही. मग मोठे मासे दिसेनासे झाले आणि आम्ही पाणमांजरांकडे बोट दाखवलं, कारण पाणमांजर सभेला येत नाही.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "आपण खाल्ले. ती बारीक जाळी काढली पाहिजेत. माझं मी आधी काढते."

त्यानंतर जो गोंधळ झाला तो तुला पत्रात सांगता येणार नाही, त्यातले निम्मे शब्द पोस्टाने जात नाहीत. आमचेच दात आणि आमचेच ओठ. शेवटी हात वर करून मला अध्यक्षपदावरून काढलं आणि भोंग्याला बसवलं. साहेब खूश. म्हणाले, नव्या अध्यक्षांनी शेडची किल्ली ताब्यात घ्यावी.

मी किल्ली दिली नाही. खुर्ची घेतली, शेडच्या दारासमोर ठेवली आणि बसले. साहेब म्हणाले, पोलिसांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवा, त्यांनाही खडक पुसायचं शिकवते. माणसं जमली. मग भोंगा आला, कुलूप तोडायचं हत्यार घेऊन. माझ्यासमोर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा खरा आवाज ऐकला, इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. तो साहेबांना म्हणाला, "मी टोपली पाहिलीय. आधी मोजणी परत होईल, तोवर सापळे घेऊन जा." आणि मग नेहमीच्या आवाजात सगळ्यांना ओरडला की जाळ्यांचा विषय त्याच्या अध्यक्षपदात कोणी काढायचा नाही.

ट्रक आज सकाळी सापळे घेऊन गेला. तुझी पाणमांजरं वाचली. मला ती अजूनही आवडत नाहीत, हे लिहून ठेव.

आता एक विचारते. पेन खाली ठेवायच्या आधी दोनदा लिहिलं आणि खोडलं. समज सगळ्यांनी बारीक जाळी काढली, आज ना उद्या काढतीलच, मी मागे लागणार आहे. तर मासे परत यायला किती वर्षं? मॉडेलला विचार. मला गोड बोलू नकोस.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र बाबाने मोठ्याने वाचायला घेतलं आणि खुर्चीपाशी आल्यावर त्याला वाचता येईना. मी पूर्ण केलं. तो आता सगळ्यांना सांगत फिरतोय की ती त्याची बहीण आहे.

खात्याने नवी मोजणी मान्य केली आहे, म्हणजे त्यांना करावी लागली. माझी जागा मात्र दुसऱ्याला दिली. मी दाद मागितली आहे. मला ती नोकरी परत हवी आहे असं नाही, पण तो "डळमळीत" शब्द माझ्या कागदांवरून खोडून हवा आहे, आणि तो खोडेपर्यंत मी त्यांना झोपू देणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मॉडेल शेकडो वेळा पळवलं. सगळ्यांनी जाळी काढली तर मासे पूर्वीसारखे व्हायला बारा ते अठरा वर्षं. निम्म्यांनीच काढली तर त्याहून जास्त. तू एकटीने काढलीस तर तुझ्या होडीत मासे कमी येतील आणि तळ्यात फरक दिसणार नाही. पहिली काही वर्षं काहीच चांगलं दिसणार नाही, उलट सगळ्यांना वाटेल की तूच बरोबर नव्हतीस.

तू चौऱ्याहत्तरची आहेस. मला वर्षं कमी करून लिहिता आली असती, तुला कळलंही नसतं. पण मग मी त्या साहेबांपेक्षा वेगळी काय?

ठकी

१२ एप्रिल

ठके,

अठरा म्हणजे मी ब्याण्णव. आमच्या घरात कोणी पोचलं नाही. तुझ्या मॉडेलला माझा नमस्कार सांग, त्याने तोंड बघून सांगितलं नाही.

तू खोटं लिहिलं असतंस तर मला कळलं असतं. तू लहानपणी चोरून साखर खाऊन आलीस की पायांकडे बघायचीस. अक्षरातही पायांकडे बघितलं असतंस.

तीन दिवस विचार केला. भोंगा येऊन सांगून गेला की एकटीने काढून काय होणार, तुझ्या पुतणीनेच लिहिलंय. मी म्हटलं, भाची आहे ती, आधी नातं नीट लाव. मग त्याला बाहेर काढला, बारीक जाळं पायरीवर ओढून आणलं आणि कात्रीने उभं कापलं. शेजारणी बघत होत्या. त्यांतली एक संध्याकाळी आली आणि मोठ्या भोकांचं जाळं विणायला किती सूत लागतं ते विचारून गेली. बाकीच्यांनी काही विचारलं नाही.

आज पहाटे नवं जाळं टाकलं. दोन मासे आले. भोंगा धक्क्यावर उभा होता. त्याने हसून सगळ्यांना ऐकवलं, म्हातारीला दोन मासे मिळाले. मी होडीतूनच त्याला सांगितलं की उद्याही टाकणार आहे.

आत्या